पाहुणा दारात येऊ शकत नसेल तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुरुंगांतल्या गर्दीची बातमी आपल्या अंकात वाचली. देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाच आहे असे. त्यावर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते या कैद्यांना भेटायला जाणाऱ्यांविषयी, कारण तो धडा मला साठी उलटल्यावर आणि परमुलखात मिळाला.

गेल्या वर्षी सहा महिने मी लेकीकडे होते, अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टनजवळ. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक ख्रिस्ती जोडपे. ऑगस्टमधल्या एका दुपारी शेजारीणबाई दारात येऊन म्हणाल्या, ‘थोडा वेळ आहे का? कुकी मोजायला हात कमी पडतायत.’ गेले. जेवणाच्या टेबलावर, ओट्यावर, अगदी इस्त्रीच्या टेबलावरसुद्धा जाळ्या मांडलेल्या आणि त्यांवर शेकडो कुकी गार होत होत्या. बारा-बारा मोजून पिशवीत भरायच्या. मी एका पिशवीत एक मोडकी कुकी टाकली. बाईंनी काही न बोलता ती काढून घेतली, तिच्या जागी अख्खी ठेवली आणि मग म्हणाल्या, ‘पाहुण्यांसाठी आहेत.’

ते पाहुणे म्हणजे तुरुंगातले कैदी. शिक्षिकेच्या सवयीने मी विचारले, यात मनुका का नाहीत? तर सुका मेवा आंबवून आत चोरून दारू करतात, म्हणून मनाई. वरून साखरेचा लेपही नको. साधी कुकी, पण ताजी आणि अख्खी.

या कुकी ‘कायरोस’ नावाच्या ख्रिस्ती चळवळीसाठी होत्या. ही चळवळ १९७६ साली फ्लोरिडातल्या रेफर्ड इथल्या तुरुंगात सुरू झाली. कायरोस हा ग्रीक शब्द, देवाने नेमून दिलेली वेळ असा त्याचा अर्थ. वेगवेगळ्या चर्चमधली साधी माणसे, कुणी प्लंबर, कुणी निवृत्त कारकून, गुरुवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत रोज आत जातात आणि कैद्यांबरोबर एका टेबलाला बसतात. बोलायचे थोडे, ऐकायचे जास्त, हा त्यांचा दंडक. त्या दिवसांत एक पिशवी कैद्याच्या हाती अशी देतात की ती त्याने स्वतः खायची नाही. ज्याला माफ करणे त्याला सर्वांत जड जाते, त्याला नेऊन द्यायची.

आत ज्या खोलीत ते बसतात तिथे रंगीत कागदाच्या कड्यांची एक लांबच लांब साखळी टांगतात. प्रत्येक कडीवर एक नाव आणि एक वेळ: त्या वेळेला ते माणूस, असेल तिथून, त्यांच्यासाठी प्रार्थना करणार. दिवसरात्र एकही वेळ रिकामी राहू द्यायची नाही. पहाटे पाचची जागा भरायची राहिली होती. मी म्हटले, त्या वेळी मी रोज हरिपाठ म्हणते, चालेल का? बाईंनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवले. मी देवनागरीत नाव लिहिले. ही कुठली अक्षरे, असे आत एकाने विचारल्याचे त्यांच्या यजमानांनी नंतर सांगितले.

काही वाचकांच्या मनात जी शंका येईल ती माझ्याही मनात होती आणि मी ती विचारली. हे धर्मांतरासाठी करता का? बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘येशू त्यांना भेटावा असं मला वाटतं, ते मी लपवत नाही. पण कुकीला अट नाही. मुसलमानाला मिळते, देव न मानणाऱ्याला मिळते, पहाऱ्यावरच्या शिपायालाही मिळते.’ त्यांच्या फ्रिजवर बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या दोन ओळी चिकटवलेल्या होत्या. पहिली सांगते, अनोळख्याचा पाहुणचार विसरू नका. लगेच पुढची सांगते, बंदीत असलेल्यांची आठवण अशी ठेवा की जणू तुम्हीही त्यांच्याबरोबर बंदीत आहात. पाहुणचार आणि तुरुंग असे शेजारीशेजारी मी कुठे वाचले नव्हते. आपल्याकडे अतिथी देव खरा, पण तो आपल्या दारी आला तर. ज्याला येताच येत नाही त्याच्याकडे ताट घेऊन जायचे, हे माझ्या कधी डोक्यात आले नव्हते.

यजमान चौदा वर्षे आत जात आहेत. ते चार दिवस संपले की काम संपले असे नसते, दर महिन्याला पुन्हा जायचे असते. टेक्सासच्या बऱ्याच तुरुंगांत कैद्यांच्या कोठड्यांना वातानुकूलन नाही आणि तिथला ऑगस्ट आपल्या विदर्भातल्या मे महिन्यासारखा. त्यांचा नेम चुकला तो एकदाच, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. माझ्या वडिलांनी आषाढीची वारी कधी चुकवली नाही, त्यामुळे ही श्रद्धा मला परकी वाटली नाही.

एकदा ते मला हंट्सव्हिलला घेऊन गेले. गावाच्या मधोमध लाल विटांच्या उंच भिंतींचा तुरुंग आहे. टेक्सासने १९८२ पासून ५९० हून अधिक माणसांना देहदंड दिला, तो या भिंतींच्या आत. त्याच गावात बाप्टिस्ट मंडळींनी चालवलेले ‘हॉस्पिटॅलिटी हाउस’ आहे, नावाप्रमाणेच पाहुणचाराचे घर. दूरदूरहून भेटीला येणाऱ्या कैद्यांच्या घरच्यांना तिथे पैसे न घेता राहता येते. ज्या दिवशी देहदंड असतो त्या दिवशी त्या माणसाचे आईवडील, भावंडे तिथेच थांबलेली असतात. देहदंडाच्या कैद्याची भेट काचेपलीकडून होते, आईला त्याला हात लावता येत नाही. त्याने मागितलेले शेवटचे जेवण देण्याची प्रथासुद्धा राज्याने २०११ मध्ये बंद केली. अशा दिवशी त्या आईजवळ कुणीतरी बसलेले असते. मी ते घर फक्त बाहेरून पाहिले, आणि तिथे उभी असताना मला आमच्या मावशी आठवल्या.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा मुलगा दोन वर्षे कच्चा कैदी म्हणून तुरुंगात आहे. महिन्यातून दोनदा त्या मुलाखतीला, म्हणजे त्याला भेटायला, जातात. पहाटेची एसटी, मग रांग, मग काही मिनिटांचे बोलणे, रात्री परत. ते दिवस मी खाडे म्हणून मांडत होते. कुठे जाता हे मला ठाऊक होते. कशा जाता, कुठे बसता, काय खाता, हे दोन वर्षांत एकदाही विचारले नाही. मी देवभोळी आहे, एकादशी करते, आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय सोडत नाही. तरीही नाही विचारले.

हे आपल्या मातीला जमणार नाही असे कुणी म्हणू नये. आमच्या औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले आणि शिक्षा झालेल्या माणसांना बायकापोरांसह खुल्या वसाहतीत राहून शेती करू दिली. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थानाने कैद्यावर एवढा विश्वास टाकला होता.

आपल्या वृत्तपत्रातून मला दोनच गोष्टी मागायच्या आहेत. प्रत्येक कारागृहाच्या फाटकाबाहेर मुलाखतीला आलेल्यांसाठी सावली, बाकडी, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे शासनाने पाहावे आणि नसेल तिथे करावे. आणि ज्यांची घरे तुरुंगाजवळ आहेत त्या वाचकांनी, भजनी मंडळांनी, महिला मंडळांनी मुलाखतीच्या दिवशी त्या फाटकाकडे एक चक्कर मारावी. आत जायला परवानगी लागते, बाहेर थांबलेल्या म्हातारीला पाणी द्यायला लागत नाही.

परत आल्यावर मी मावशींना विचारले, मुलाखतीच्या दिवशी जेवता कुठे? म्हणाल्या, ‘कुठं जेवायचं बाई, घरी आल्यावर.’ खाडे मांडणे मी बंद केले आहे. मुलाखतीच्या आदल्या रात्री त्यांच्यासाठी दशम्या करते, सोबत शेंगदाण्याची चटणी. गेल्या खेपेला त्यांनी डबा परत देताना सांगितले की, रांगेत पुढे उभी असलेली बाई परभणीहून आली होती, आदल्या दिवसापासून उपाशी होती, म्हणून दोन दशम्या तिला दिल्या. पुढच्या वेळी चार जास्त टाका, म्हणाल्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा