वहीतल्या लाल खुणा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही या पत्रासोबत पाठवतो आहे. तू गेलीस त्या दिवशी ती टेबलावरच राहिली. दोनदा कपाटात ठेवली, दोनदा बाहेर काढली. माझ्या लाल खुणा तिच्यात तशाच आहेत. खोडायला गेलो तर कागद फाटायला लागला, म्हणून थांबलो.

‘बाबा, ही उत्तरपत्रिका नाहीये,’ एवढंच तू म्हणालीस. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहून तुला पुन्हा दुखवत नाही. तुझ्या रॅपला वापरलेला ‘बडबड’ हा शब्द मात्र मी परत घेतो. आईसमोर आणि आजीसमोर तो परत घेऊन झाला आहे, तुझ्यासमोर राहिला होता.

आधी कामाचं. घसा दाखवलास का? रविवारी तू आईला पाठवलेलं रेकॉर्डिंग मी ऐकलं, तुला न विचारता. दुसऱ्या कडव्यात, ‘ऐकलं’ या शब्दावर तुझा आवाज फाटतो. पहिल्यांदा वाटलं, मुद्दाम केलं असशील. मग पुन्हा ऐकलं. पुढच्या दोन ओळींत तू आवाज ओढून आणते आहेस हे कळतं. एकतीस वर्षं वर्गात ओरडून शिकवलंय मी, बसलेला आवाज मला ओळखता येतो. घरातून निघण्याआधीही आठवडाभर तुझा आवाज बसलेलाच होता. म्हणजे तीन आठवडे उलटून गेले. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, त्यात पुढे-मागे करू नये. अण्णांचंही सुरुवातीला एवढंच होतं. असो. ते आत्ता नको.

त्या गाण्यात माझ्याबद्दलची ओळ आहे, तीही ऐकली.

‘घराच्या चार भिंतींना आठ कान,
बापाचं मात्र माझ्याकडे नाही ध्यान.’

वहीत या ओळीशेजारी मी ‘अतिशयोक्ती’ असं लिहिलं होतं. कागदावर वाचताना मला अलंकार दिसला. तुझ्या आवाजात ऐकताना त्यात अलंकार काहीच नव्हता.

मग मी वाचायला बसलो, तुला माझी सवय माहीत आहे. तू ज्याला बार म्हणतेस तो चार ठोक्यांचा. सोळा बार म्हणजे चौसष्ट ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांच्या गतीने ते सगळं साधारण ४३ सेकंदांत संपतं. मी घड्याळ लावून तुझं दुसरं कडवं मोजलं. ४३ सेकंदांत तू फक्त दोनदा नीट श्वास घेतेस. बाकी सगळं घशातून रेटतेस! मी लाल पेनाने जिथे जिथे ‘वृत्तभंग’ लिहिलं, तिथे तू ठोका सोडून मुद्दाम थांबली होतीस, आणि तो थांबा बीटने, म्हणजे मागे वाजणाऱ्या तालाने, भरून निघत होता. ते मला कागदावर दिसणं शक्यच नव्हतं. तेवढ्यापुरतं तुझं बरोबर होतं, माझं चूक. पण श्वासाचं माझं बरोबर आहे.

हे रॅप कुठून आलं तेही वाचलं. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला पुढे सगळे डीजे कूल हर्क म्हणायला लागले. गाण्यात शब्द थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर पोरं सगळ्यात जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं, आणि तो तुकडा तो लांबवायचा. ज्या भागात हे घडलं तिथली घरं पाडून मधून मोठा रस्ता काढलेला होता. टोळ्यांची भांडणं इतकी, की १९७१ च्या डिसेंबरात मध्यस्थी करायला गेलेल्या तरुणाचाच खून झाला, आणि त्यानंतर ८ तारखेला टोळ्यांनी हो अव्हेन्यूवर एकत्र बसून समझोता केला. मी इतिहास शिकवला नाही, भाषा शिकवली. तरी इतकं वाचल्यावर एवढं कळलं की या पोरांच्या हातात दुसरं फारसं काही नव्हतं. बोलणं होतं, ते त्यांनी तालात बसवलं.

त्याच वाचनात टुपाक शकूर हा रॅपर आला. १९९६, वय २५. पुढच्या वर्षी दुसरा रॅपर बिगी, वय २४. दोघंही गोळ्यांना बळी पडले. तुझं वय २३ आहे. त्या रात्री मला झोप आली नाही. तुमच्या बॅटलमध्ये, म्हणजे रॅपच्या जुगलबंदीत, समोरच्याच्या घरच्यांपर्यंत जातात असं दादा सांगत होता. तू जाऊ नकोस. शब्द एकदा तोंडातून गेला की तो कुणाच्या हातात कसा पडेल सांगता येत नाही, माणसाने बोलताना तारतम्य... हे बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. मीच तुला सतरा दिवसांपूर्वी काय बोललो होतो, आणि आता तारतम्य शिकवतो आहे.

खरं सांगायचं होतं ते वेगळंच. शिबिरातल्या त्या मुलाबद्दल आईने मला सांगितलं, अडखळत बोलणाऱ्या. वर्षभर ज्याने कुणाशी धड वाक्य पूर्ण केलं नव्हतं, त्याने तुझ्या बीटवर आठ बार न अडखळता म्हटले. तालात बोलताना अनेकांचं अडखळणं कमी होतं, वाचा-उपचार करणारेही तालाचा वापर करतात. पण मला थांबवलं ते त्याच्या ओळींनी. ‘शाळेत हजेरी लागते, माझी कधीच लागत नाही,’ असं काहीतरी होतं ना? मला माझा वर्ग आठवला. शेवटच्या बाकावर खिडकीकडेला एक मुलगा बसायचा. तीन वर्षं माझ्या वर्गात होता. व्याकरणात पैकीच्या पैकी. त्याचा आवाज कसा होता हे मला आज आठवत नाही, कारण तो मी ऐकलेलाच नाही. मी त्याची वही तपासत राहिलो, लाल खुणा करत राहिलो, वार्षिक स्नेहसंमेलनात त्याला पडदा ओढायला ठेवलं. तो आता कुठे आहे, काय करतो, काहीच माहीत नाही. तू त्या पोराला बोलतं केलंस, मला ते एकतीस वर्षांत सुचलं नाही. तू माझी मुलगी आहेस हे त्या रात्री मी आईला तीनदा सांगितलं. तिने झोपा म्हटलं.

२०१८ साली केंड्रिक लमार या रॅपरला संगीताचं पुलित्झर, अमेरिकेतलं मोठं पारितोषिक, मिळालं. तोवर ते शास्त्रीय आणि जॅझवाल्यांनाच मिळायचं. हे तुला माहीत असणारच. मी आजीलाही सांगितलं, तिला त्याचं विशेष वाटलं नाही. तिला वाटलं ते तुझ्या गाण्याचं. कमी ऐकू येतं म्हणून तिने स्पीकरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मधेच म्हणाली, ‘ही ओवीच की रे, नुसती घाईत म्हटलेली.’ पुन्हा लाव म्हणाली. चार वेळा लावलं. संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या तिने जोडली:

‘नात बोले तुरूतुरू, जशी झुळूक वाऱ्याची,
दम घेई मधी मधी, वाट लांबच्या पल्ल्याची.’

मी तिला काही सांगितलं नव्हतं गं, घशाचंही नाही, श्वासाचंही नाही. तिच्या हाताला कळलं असेल. आणि यमक बघ कुठे ठेवलंय, तुझ्यासारखंच, ठोका पडतो तिथे. हे कडवं तुझ्या गाण्यात घेशील का? तिचा आवाज दादाने फोनवर उतरवून घेतला आहे. ऐंशीच्या पुढच्या बाईचा आवाज बीटवर कसा बसेल ते तूच ठरव, मी त्यात लुडबुड करणार नाही.

अण्णांचं लिहिणार नव्हतो, पण लिहितो. शेवटच्या चार महिन्यांत ते पाटीवर लिहायचे, तुला आठवत असेल, तू सात वर्षांची होतीस आणि ती पाटी तुझीच होती. एकदा त्यांनी लिहिलं, ‘बाळ, तुझी कविता वाच.’ माझी कविता! कॉलेजात मी लिहायचो आणि ते त्याला काय म्हणायचे ते आजीला विचार. मी म्हटलं, आता कुठे राहिलीय ती. त्यांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली. मी शोधायला हवी होती, ट्रंकेतच होती.

तेव्हा शनिवारच्या कार्यक्रमाआधी घसा दाखव. दुर्बिणीतून दोन मिनिटांत बघतात. नुसत्या गाठी असतील तर बहुतेकदा बोलण्याच्या व्यायामाने आणि विश्रांतीने जातात, शिक्षकांना आणि गाणाऱ्यांना होतातच. खाकरू नकोस, पाणी पीत राहा, आणि आवाज बसला म्हणून कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही ताण पडतो. कार्यक्रम रद्द कर असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले तर कर. मी येणार आहे, आई आणि आजीला घेऊन. मागे बसेन. तू बोलावलं नाहीयेस हे माहीत आहे. नको असेल तर तसं सांग, आम्ही येणार नाही.

वहीच्या शेवटच्या पानाला मी हात लावलेला नाही. ते अर्धं लिहून सोडलं आहेस.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की कळव. फोन करू नकोस, घशाला ताण नको. लिहून कळव.

तुझा,
बाबा