दोन हजार वॅटची शेगडी आणि दिव्यापुरती वायर

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: भाडेकरूला स्वतःच्या नावावर मीटर व वाढीव वीजभार मिळण्याबाबत

सन्माननीय महोदय,
स. न. वि. वि.

सोलापुरात साखर पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. जिना लाकडी, तक्तपोशी लाकडी; त्यामुळे सिलिंडर वर चढवायचा नाही, ही मालकांची पहिली अट. मला ती पटली. इंडक्शन शेगडी आणली. दुसऱ्याच संध्याकाळी कुकरची शिट्टी व्हायच्या आत अख्खा वाडा अंधारात. खालच्या वहिनींचा मुलगा बारावीचा अभ्यास करत होता. तो काही बोलला नाही, वहिनी बोलल्या.

वायरमनने बोर्ड उघडला. शेगडी 2000 वॅटची, म्हणजे 230 व्होल्टवर ती पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढणार. आमच्या स्वयंपाकघरात पॉइंट एकच, तोही 6 अँपिअरचा, आणि मागे एक एमएमची वायर. "ताई, ही दिव्या-पंख्यापुरती. शेगडीला मीटरपासून वेगळी चार एमएम ओढा, सोळाचा पॉइंट घ्या, आणि आधी अर्थिंग करा." अर्थिंग वाड्यात नव्हतंच. पुढे रोजच्या अंधाराला कंटाळून कुणीतरी किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनीमातीच्या खाचेत, जाड तांब्याची तार घातली. आता फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते. लाकडी माडीवर सिलिंडर नको म्हणणाऱ्या मालकांना हे कसं चालतं, देव जाणे.

(भाकरीचं विचारू नका. इंडक्शनवर ती फुगत नाही. आम्ही कडक भाकरी विकत आणून आमटीत चुरतो.)

वायरिंगचा खर्च आम्ही करायला तयार होतो. पण वाड्यात मीटर एकच, मालकांच्या नावावर, आणि त्याचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी ओढता येणारी वीज, चार बिऱ्हाडांना पुरणारा नाही. म्हणून स्वतंत्र मीटरसाठी भाडेकरार घेऊन वीज कार्यालयात गेले. तिथे मालकांचं ना हरकत पत्र मागितलं. मालक म्हणाले, "मीटर तुमच्या नावावर झालं की खोल्याही तुमच्याच होतील."

महोदय, वीज कायदा, 2003 च्या कलम 43 मध्ये वीजजोडणीचा अर्ज जागेचा मालक किंवा भोगवटादार यांपैकी कुणीही करू शकतो. "किंवा" हा शब्द तिथे स्पष्ट आहे. खिडकीवर मात्र त्याचा "आणि" होतो.

एका मीटरचा तोटा फक्त फ्यूजपुरता नाही. घरगुती बिलात 100 युनिटपर्यंतचा दर सगळ्यात कमी, 101 ते 300 चा बराच जास्त, त्यापुढे आणखी जास्त. चार बिऱ्हाडं 80-80 युनिट वापरतात. मीटर वेगळे असते तर चौघंही पहिल्या टप्प्यात बसली असती. एकत्र 320 होतात आणि आम्ही तिसऱ्या टप्प्यात जातो. शिवाय कुणाचा वापर किती हे मोजायला मालकांनी आतून लावलेल्या सबमीटरवर ते जो दर सांगतील तो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर आणि विड्यांवर पोट असलेली कितीतरी कुटुंबं अशीच एका मीटरवर राहतात. वीज जास्त वापरल्याबद्दल नव्हे, भाड्याने राहिल्याबद्दल त्यांना जास्त बिल येतं.

सरकारला विजेवरचा स्वयंपाक हवा आहे. 2023 मध्ये केंद्राने 20 लाख इंडक्शन शेगड्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. सोलापूरजवळ फताटेवाडीला 1,320 मेगावॉटचं वीज केंद्र उभं आहे. वीज नाही असं कुणी म्हणत नाही. ती माडीपर्यंत येत नाही एवढंच.

माझं मागणं मोठं नाही. भाडेकरार दाखवला की ना हरकत पत्राविना अर्ज घ्यावा, असा लेखी आदेश प्रत्येक कार्यालयात लावा. मालकांची भीतीही खोटी नाही, म्हणून बिलावर ठळक छापा की हे मालकीचा पुरावा नाही. आणि एक मीटर अनेक बिऱ्हाडं वापरत असतील, तिथे वायरिंग आणि अर्थिंग एकदा विद्युत निरीक्षकांकडून तपासून घ्या. खर्च मालकांवर टाकायचा की वाटून घ्यायचा, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं, भिंतीतली वायर घराची असते, भाडेकरूची नव्हे.

सध्या वाड्यात तोंडी वेळापत्रक आहे. सकाळी सातपर्यंत खालच्यांचा गिझर, मग माझा कुकर, तोवर कुणी इस्त्री लावायची नाही. आमचा करार मे अखेर संपतो. त्याआधी अर्ज पुन्हा नेऊन देणार आहे, या वेळी कलम 43 ची छापील प्रत सोबत जोडून.

आपली,
साखर पेठेतील एक भाडेकरू, सोलापूर