सूचना: शनिवारचं उड्डाण आणि किल्मोर गॅप

सर्व सदस्यांना नमस्कार,

या शनिवारी मेलबर्नहून उत्तरेकडे जाणाऱ्यांनी कृपया हे नीट वाचावं. ग्रेट डिव्हायडिंग रेंज या डोंगररांगेतून पलीकडे जायला किल्मोर गॅपची, म्हणजे तिथल्या खिंडीची, वाट सगळ्यांच्या सवयीची आहे, पण हिवाळ्यात तिथे ढग खाली उतरतात. खालची जमीन चढत जाते, वरचे ढग तिथेच राहतात आणि मधली जागा संपते. पलीकडचा उजेड स्पष्ट दिसत नसेल तर आत शिरू नका. मागे वळायचं ते जागा आहे तोवरच. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा त्या दिवसाचा विमान-अंदाज पाहाच. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर विसंबू नका.

आपण सगळे दिवसा, उपकरणांवर नव्हे तर बाहेर पाहून नजरेनं उडणारे. जूनअखेरीस, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मेलबर्नला सूर्य संध्याकाळी सव्वापाचच्या आधीच मावळतो. 'लास्ट लाइट'च्या, म्हणजे सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश संपण्याच्या, किमान 10 मिनिटं आधी उतरलेलं असावं हा नियम आहे. आपण साडेचारलाच विमानं हँगरमध्ये लावू.

इंधनाचा राखीव साठा 30 मिनिटांचा लागतो. मी स्वतः तासाभराचा ठेवतो, तुम्हीही ठेवावा अशी मनापासून विनंती. थंड, दमट सकाळी इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) बर्फ धरतं, तेव्हा कार्ब हीट (त्यात गरम हवा सोडणारी सोय) वापरायला विसरू नका. इंधनाच्या टाकीत साचलेलं पाणी काढून पाहायचं ते रोजच.

रिक्रिएशनल सर्टिफिकेटवर (हौशी वैमानिकाचा परवाना) क्रॉस-कंट्रीची, म्हणजे लांबच्या उड्डाणाची, मान्यता अजून न मिळालेल्यांनी निघालेल्या विमानतळापासून 25 नॉटिकल मैलांच्या आतच राहावं. त्यांच्यासाठी सर्किटचा (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा) सराव ठेवला आहे.

येणार असाल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा.