मायचे ३० शेक आणि कणांची धडक

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की इथं मराठवाड्यात उन्हाळा लागायच्या आत टँकर सुरू होतात आणि तिकडं शास्त्रज्ञ लोकं जमिनीखाली बोगदे खणून कणावर कण आपटत बसलेत, त्यातून सामान्य माणसाला मिळतं काय. पत्र मनापासून लिहिलेलं होतं. पाण्याचं दुखणं तर माझंही आहे, आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही. पण मिळतं काय, या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरातच आहे म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं तर कापा, पण मायचा भाग तेवढा राहू द्या.

तीन वर्षांमागं मायच्या गालाला आतून जखम झाली. मिश्रीची सवय, लग्नाच्या आधीपासूनची. तोंड आलंय म्हणून आम्ही मलम लावत बसलो, त्यात दोन-तीन महिने गेले, मग तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणले, आता ३० शेक घ्यावे लागतील. शेक म्हणजे रेडिएशन, आपल्याकडं सगळे शेकच म्हणतात, कोणी लाईट म्हणतं. मायला वाटलं कंबर शेकतो तसं काहीतरी असंल. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, असे सहा आठवडे. गेवराईहून सकाळची एसटी धरायची, पाचोड, आडूळ करत संभाजीनगर, नंबर लागला की शेक आणि दिवे लागायला परत घरी.

पहिल्या दिवशी शेक नव्हता, मास्क करायचा होता. पांढऱ्या प्लास्टिकची एक शीट गरम पाण्यात टाकली, ती कच्च्या पापडासारखी नरम पडली, मग दोघांनी दोन्हीकडून धरून मायच्या तोंडावर पसरली आणि दाबून धरली. थोड्या वेळात ती घट्ट झाली आणि त्या जाळीत मायचं नाक, हनुवटी, गालाचा खड्डा सगळं उमटलं. रोज तोच मास्क चढवून टेबलाला आवळायचा म्हणजे डोकं तसूभर हलत नाही. माय एवढी घाबरली होती की माझा हात सोडंना. मग सगळ्यांना बाहेर काढलं, जाडजूड दरवाजा लागला, आत ती एकटी, बाहेर टीव्हीवर आम्हाला दिसत होती.

तिथं एक मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा हिशोब बघणाऱ्या मॅडम होत्या, बोलण्यावरून परभणीकडच्या वाटल्या. मी बीएस्सी फिजिक्स केलेला माणूस, राहवलं नाही म्हणून विचारलं की मॅडम हे कोबाल्टचं मशीन का. म्हणल्या, नाही दादा, हे लिनॅक आहे, कण सरळ रेषेत पळवायचं मशीन, ह्याच्यात किरणं किरणोत्सारी कोबाल्टमधून येत नाहीत, बटन बंद की किरण बंद. आत इलेक्ट्रॉन सोडतात, मायक्रोवेव्हच्या लाटेवर बसवून त्यांना जवळपास प्रकाशाच्या वेगानं पळवतात आणि टंगस्टनवर आपटतात, त्यातून जे क्ष-किरण निघतात तोच तुमचा शेक. मशीनच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्या पुढं-मागं सरकून गाठीच्या आकाराएवढीच वाट ठेवतात, म्हणजे मणका आणि लाळेच्या ग्रंथी जमेल तेवढ्या वाचतात. मी ऐकतच राहिलो. कण पळवायचा आणि आपटायचा, बोगद्यात तरी दुसरं काय चालतं?

घरी येऊन रात्री वाचत बसलो. कण पळवायची पद्धत ज्यांनी शोधली ते कॅन्सरवर काम करत नव्हते, त्यांना अणूच्या आत काय आहे ते बघायचं होतं. अमेरिकेत लॉरेन्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९३०-३१ च्या सुमारास पहिला सायक्लोट्रॉन, म्हणजे कण गोल फिरवत पळवायचं मशीन केलं, ते तळहातावर मावंल एवढं होतं. तिथल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भौतिकीवाल्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसाठी वाढलेलं मायक्रोवेव्हचं तंत्र घेऊन १९४७ मध्ये इलेक्ट्रॉन पळवायचं सरळ मशीन उभं केलं. त्याच जातीच्या मशीनवर १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात पहिल्या पेशंटला शेक दिला. १९५६ मध्ये स्टॅनफर्डला एका लहान पोराच्या डोळ्यातल्या कॅन्सरवर ते वापरलं आणि पोराची नजर वाचली. आज जगात ३०,००० च्या वर प्रवेगक, म्हणजे कण पळवायची मशीनं चालू आहेत असं धरतात, त्यातले बहुतेक दवाखान्यात नाहीतर कारखान्यात, संशोधनाचे थोडेच. माय ज्याच्याखाली झोपली ते त्यातलंच एक.

कॅन्सर अंगात कुठं आहे ते बघायला मायचा पेट स्कॅन झाला, त्याचीही गोष्ट अशीच. १९२८ मध्ये डिरॅक नावाच्या शास्त्रज्ञानं कागदावर समीकरण मांडलं, त्यातून इलेक्ट्रॉनच्या उलट्या भाराचा जोडीदार असला पाहिजे असं निघालं, आणि १९३२ मध्ये अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञाला तो आकाशातून येणाऱ्या किरणांत सापडला. तो पॉझिट्रॉन. पेट स्कॅनला साखरेसारख्या औषधाला एक किरणोत्सारी फ्लोरिन जोडून शिरेतून देतात, कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात म्हणून ते तिथं गोळा होतं, त्यातून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघं संपतात आणि दोन किरण विरुद्ध दिशांना निघतात, मशीन ते पकडून जागा सांगतं. हा फ्लोरिन सायक्लोट्रॉनमध्येच बनवतात आणि ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तिथले लोक वेळेच्या बाबतीत एवढे कडक असतात. आम्ही उशिरा पोचलो म्हणून नर्स रागावली होती, तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आता कारण कळलं. एमआरआयच्या आत जी अतिवाहक, म्हणजे विजेला अडथळा न करणारी तार असते तीही अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या प्रवेगकासाठी टनावारी लागली, म्हणून मोठ्या प्रमाणात बनायला लागली.

आता माझ्या पोटापाण्याचं सांगतो. मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, सगळं वेबसाईटवर. इंटरनेट आधी अमेरिकेच्या लष्करी पैशातून झालं ते खरं, कणांच्या शास्त्रज्ञांनीच सगळं केलं असं मी म्हणत नाही. पण वेबसाईट, लिंक, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हे सर्नमध्ये, म्हणजे त्या बोगद्यावाल्या प्रयोगशाळेतच जन्मलं. देशोदेशीचे हजारो शास्त्रज्ञ, प्रत्येकाचं कॉम्प्युटर वेगळं, एकाची माहिती दुसऱ्याला दिसंना, म्हणून तिथंच काम करणाऱ्या टिम बर्नर्स-लीनं मार्च १९८९ मध्ये हे सुचवलं. त्याच्या मशीनवर लाल शाईत चिठ्ठी होती, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. माझ्या राउटरच्या बोर्डावर मी अशीच चिठ्ठी चिकटवलीये. आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ते सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. पैसे लावले असते तर आज विम्याचा फॉर्म भरायला शेतकऱ्याला काय पडलं असतं कोण जाणे.

आणि ह्यात आपण नुसते बघे नाही. त्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात ३५-३५ टनांची चुंबकं आहेत, उसाच्या भरल्या ट्रकपेक्षा जड, ती ज्या जॅकवर बसवून तंतोतंत जुळवली ते हजारो जॅक भारतात बनलेत. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगोचं काम आहे, २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. ते कणांचं नाही, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायचं काम, पण पारावर प्रश्न तोच असतो, ह्याचा उपयोग काय. उद्याचं मी सांगू शकत नाही, डिरॅकलाही पेट स्कॅन माहीत नव्हता. म्हणून टँकरचे पैसे तिकडं वळवा असं मी कधीच म्हणणार नाही, पाण्यासाठी आपण भांडलंच पाहिजे आणि मीही भांडतो. पण पाण्यावरचा राग ह्या लोकांवर काढू नये एवढंच.

साहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. आपल्याकडची किती पोरं-पोरी एमएस्सी फिजिक्स करून बीएड नाहीतर स्पर्धा परीक्षा ह्या दोनच वाटा धरतात, माझ्या केंद्रावर रोज फॉर्म भरायला येतात, मी बघतो. मेडिकल फिजिसिस्टशिवाय शेकाचं मशीन चालवायला परवानगीच नाही, आणि एमएस्सीनंतर मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसात तुम्ही करिअरची पानं काढता, त्यात ह्याच्यावर एक पान द्या. त्या परभणीच्या मॅडमसारख्या अजून दहा जणी इथं तयार झाल्या पाहिजेत.

माय बरी आहे. तोंड अजून कोरडं पडतं, भाकर दुधात कुस्करूनच खाते, मिश्रीला हात लावत नाही. तिचा मास्क दवाखान्यातनं मागून आणला, तो माझ्या केंद्रात कॉम्प्युटरच्या वर टांगलाय. पोरं विचारतात हे काय आहे, मग मी फॉर्म बाजूला ठेवतो आणि त्यांना इलेक्ट्रॉनपासून सांगायला लागतो.

आपला नियमित वाचक,
एक सेवा केंद्र चालक,
गेवराई, जि. बीड