आस्वानहून, चिरंजीवांस

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

"पिरॅमिड झाले, ममी झाल्या, आता अजून कसलं म्युझियम?" असं तू फोनवर म्हणालास. तुझे बाबाही तसंच म्हणत आत शिरले होते. शेवटी मीच दारात उभी राहून त्यांना हाका मारत होते.

आस्वानचं हे नुबिया संग्रहालय १९९७ साली उघडलं. नुबिया म्हणजे इथून दक्षिणेला, थेट सुदानपर्यंतचा नाईलकाठ. केर्मा, नापाता, मेरोए ही तिथली राज्यं. एरवी इजिप्तच्या इतिहासात ही माणसं येतात ती सोनं आणणारी नाहीतर दोरखंडात बांधलेली. केर्माची अवाढव्य थडगी खणणाऱ्या जॉर्ज राइसनरला तर ती इजिप्शियन सुभेदारांची वाटली. स्थानिकांना एवढं जमेल हे त्याला पटेचना. शार्ल बोने यांनी तिथे पुढे वर्षानुवर्षं खोदकाम केलं, तेव्हा एका स्वतंत्र राज्याची राजधानीच उजेडात आली. शिकलेल्या माणसाचा पूर्वग्रह असा असतो बघ.

मला सगळ्यात आवडले ते घोडे. इ.स.पू. आठव्या शतकात नुबियाच्या पिये राजाने इजिप्त जिंकला. त्याच्या शिलालेखात आहे, की हरलेल्या राजाच्या महालात गेल्यावर तिथल्या राण्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो गेला तबेल्यात. वेढ्यामुळे घोडे उपाशी राहिलेले दिसले, तेव्हा मात्र त्याचा संताप संताप झाला! सुदानमधल्या अल-कुर्रूला त्याच्या घराण्याचे घोडेसुद्धा पुरलेत, तेही उभे. त्यानंतर हजारएक वर्षांनी नुबियातल्याच बल्लाना इथल्या राजांनीही घोडे सोबत नेले. त्यांचा चांदीचा साज घातलेला घोडा इथे उभा आहे. बाबा त्याच्यापुढून हलेनात.

आता तुझ्या कामाचं, म्हणजे धरणांचं. बल्लानाची थडगी वॉल्टर एमरीने १९३१ नंतर खणली ती आस्वानच्या जुन्या धरणाची उंची वाढत होती म्हणून. नंतर १९६० मध्ये मोठं धरण बांधायला घेतलं, तेव्हा युनेस्कोने हाक दिली आणि देशोदेशीची पथकं धावली. आपल्या पुरातत्त्व खात्याचंही होतं, बी. बी. लाल यांच्या पथकाने १९६२ च्या सुमारास नुबियातल्या अफयेहला उत्खनन केलं. म्हणजे नुबियाबद्दल जे कळलं, त्यातलं बरंचसं नुबिया बुडणार म्हणून कळलं. मदत करणाऱ्या देशांना इजिप्तने आख्खी देवळं भेट दिली. एक न्यूयॉर्कला आहे, एक माद्रिदला.

माणसांचं काय? इजिप्तच्या हद्दीतले जवळजवळ पन्नास हजार नुबियन १९६३-६४ मध्ये उठवून कोम ओम्बोकडे नेले, नदीपासून लांब. त्यांच्या जुन्या गावांतलं जगणं आता दालनात माणसांचे पुतळे उभे करून दाखवलंय. तिथे मला तुझी आजी आठवली. तिचं माहेर कोयनेत गेलं. त्या घराचा साधा फोटोसुद्धा कुणाकडे नाही. रामसेस राजाचा पुतळा आणता येतो, परसातली विहीर कोण आणणार? धरण नको होतं असं मी म्हणत नाही, इथल्या शेतीला पाणी आणि घरांना वीज त्यानेच दिली. पण तुमच्या अभ्यासक्रमात पुनर्वसनाला किती तास देतात, ते मला एकदा सांग.

सुदानच्या राजधानीतलं, खार्तूमचं राष्ट्रीय संग्रहालय मात्र २०२३ पासूनच्या युद्धात लुटलं गेलं. तिकडचं जाण्याचं नाव आता काढायला नको.

उद्या पहाटेच अबू सिंबेलला निघायचंय. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून आख्खं देऊळ करवतीने कापून, वीस-वीस टनांचे दगड करून, ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडलंय. तुला हवे तसे सांध्यांचे फोटो काढून पाठवते. कोणत्या बाजूने काढू, ते रात्रीच कळव. आणि डबा बंद करून मॅगी खात बसू नकोस.

तुझी,
आई