सहीची घाई करू नकोस

प्रिय बंड्या,

दीड वर्षात एक ओळ नाही लिहिली, वाढदिवसाला नुसता केकचा इमोजी टाकला, तोही सुमीनं आठवण केल्यावर. घाल शिव्या. शुगर आहे तिथंच आहे, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, झालं.

तुझी सही हवी होती, आपली फिल्म सोसायटी बंद करायला. बँकेत आणि धर्मादायच्या कागदावर अजून तूच खजिनदार आहेस, बदल अर्ज आपण भरलाच नाही, "करू की रे" म्हणत तू पुण्याला गेलास. हॉलचं भाडं अडीच हजार, वर्गणी भरलेले सभासद नऊ, त्यातले दोन मी आणि सुमी. बाबुराव पेंटरांनी १९१८ साली जिथं स्वतः कॅमेरा बनवला त्या कोल्हापुरात महिन्याला एक पिक्चर बघायला नऊ माणसं! मोबाईलवर सगळं मिळतं म्हणतात, मिळतं की, मीही लावतो आणि झोपतो.

म्हटलं, शेवटचा शो करून टाकू. तो पोरगा आठवतो का, फिल्म आर्काइव्हचे डबे स्टँडवरनं सायकलवर आणायचा आणि सोळा एमएमचं रीळ बदलताना टॉर्च धरायचा, तू १९५९ ला सत्यजित रायनी फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन काढलं तिथपासून भाषण सुरू केलंस की पहिला झोपायचा? त्यानं अठरा मिनिटांची फिल्म केलीय, गुऱ्हाळावर. बाप गुळव्याच ना त्याचा. पाच मिनिटं नुसती काहिल उकळते, शब्द नाही, मग बाप थोडा पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो.

साडेसहाला दारात टेम्पो. वाडीवरनं सत्तावीस माणसं! आता सेन्सॉर न झालेली फिल्म, १९५२ चा सिनेमाचा कायदा, फक्त सभासदांना दाखवायची, सगळं तुझंच पाठांतर. २००२ ला कार्ड नाही म्हणून माझ्या बापाला तू दारातनं परत पाठवलंस, ते कोपऱ्यावर चहा पिऊन घरी गेले, आणि मी चार महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. ते मला अजून पटलेलं नाही, सांगून ठेवतो. मी पावती पुस्तक काढलं आणि सत्तावीस जणांना दहा-दहा रुपयांत तात्पुरते सभासद केलं, नावानिशी, हात दुखला. घटनेत तशी सोय आहे का ते विचारू नकोस.

आणि बंड्या, तू असतास तर शुक् शुक् करून मेला असतास. गोळी वळली तशी मागनं एक बाई ओरडली, "आगं उतरा की आता, करपतंय!" मग सगळेच, आधण कुणाचं, जाळ किती, पडद्यावरच्या बापाला सल्ले. खरा बाप पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलेला. पोरगा माझ्या शेजारी, टॉर्च धरल्यासारखी मूठ आवळून.

अठरा मिनिटांतच संपलं म्हणून एका म्हाताऱ्यानं पाच रुपये परत मागितले. दिले.

म्हणजे जमा दोनशे पासष्ट आणि भाडं अडीच हजार, हिशेब काही बदलत नाही, तीन रात्री तोच मांडतोय. पोरगा म्हणतो पुढच्या महिन्यात वाडीच्या देवळातच पडदा लावू, भाडं नाही. मग सोसायटीचं काय, सभासद कोण, कार्ड कुणाचं? तूच सांग, नियमवाला तू.

मनूची बारावी कशी गेली? काकूंच्या मोतीबिंदूचं झालं का? नव्या फ्लॅटला येतो, नक्की, दिवाळीनंतर.

फॉर्म सोबत आहे. सहीच्या जागी फुली मारलीय, पेन्सिलनं.

तुझा,
दिन्या