हरणी म्हणजे गाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गायींच्या भ्रूण प्रत्यारोपणावरचा लेख वाचला, म्हणजे चांगल्या गायीचे भ्रूण काढून दुसरीच्या पोटात वाढवायचे. चांगला होता, पण शेवटी जाता जाता लेखकांनी पुडी सोडलीय की न्यूझीलंडमध्ये हरणांतसुद्धा हे होतं, मग आपण काश्मीरचा हंगुल, म्हणजे तिथलं दुर्मीळ हरिण, असाच का वाढवत नाही. त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी मूळचा मिरज तालुक्यातला, घरी म्हशी होत्या, गेली काही वर्षं इकडे न्यूझीलंडमध्ये साउथलँडला डिअर फार्मवर, म्हणजे हरणं पाळतात तिथं, कामाला आहे. डॉक्टर नाही, हरणं शेडमध्ये आणणारा आणि धरणारा गडी समजा.

गायीचं कसं असतं ते गावाकडं सगळ्यांनी बघितलेलं आहे, डॉक्टर मागून हात घालून आतून गर्भपिशवी चाचपतात, दुसऱ्या हातानं नळी सरकवतात, सात दिवसांचे भ्रूण धुऊन काढतात आणि गाय तोवर पेंड खात उभी. रेड डिअरची, म्हणजे इथं पाळतात त्या हरणाची, मादी शंभर किलोच्या आसपास, तिच्यात हात जातच नाही, पिशवीचं तोंड इतकं अरुंद आणि वळणावळणाचं की नळीसुद्धा धड जात नाही. म्हणून पोटाला भोक पाडून दुर्बिणीनं रेतन करायचं, आणि भ्रूण काढायचे तर भूल देऊन ऑपरेशनच.

बरं ते नंतरचं. त्याच्या आधीची मेहनत लेखात कुठंच नाही. ही जनावरं वर्षभर माजावर येत नाहीत, फक्त शरद ऋतूत, म्हणजे इकडे मार्च-एप्रिलमध्ये. त्यासाठी आधी हार्मोन सोडणारं सीडर नावाचं साधन बारा-एक दिवस योनीत ठेवायचं, मग जास्त बीजं पिकावीत म्हणून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, तीन-चार दिवस रोज, आणि प्रत्येक वेळी तीच हरणी परत शेडमध्ये आणायची. शेड मुद्दाम अंधारी ठेवतात, उजेड असला की उड्या मारून पाय मोडून घेतात, कुंपण जवळपास दोन मीटर उंच. आणि हरिण नुसतं घाबरून, जीव तोडून पळालं तरी त्याचे स्नायू आतून खराब होतात आणि दोन-चार दिवसांनी मरतं, दिसायला एक ओरखडा नसतो. एवढं करून एखादी आठ-दहा भ्रूण देते, एखादी एकही नाही, आणि इंजेक्शनचा खर्च दोघींचा सारखाच.

शिवाय प्रत्येक भ्रूणाला एक पोसणारी हरणी लागते, तीसुद्धा त्याच दिवशी माजावर आणलेली. राहिलं तर ठीक, नाहीतर अठरा-एक दिवसांनी परत माजावर येते, म्हणून कळपात नर सोडून ठेवतात, वर्ष फुकट नको जायला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर नरांच्या शिंगांसाठी. हरणी वर्षाला एकच पाडस देते, दोनशे तेहतीस दिवस गाभण, जुळं क्वचितच. चांगल्या रक्ताच्या मादीची पाडसं जास्त पाहिजेत तर हाच मार्ग. कोवळी शिंगं, व्हेल्वेट म्हणतात त्याला, कोरिया आणि चीनला औषधी म्हणून जातात. धंदा आहे हा, यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि हे इथंच का जमलं तेही बघा ना. इंग्रजांनी शिकारीसाठी हरणं आणून सोडली, ती इतकी वाढली की सरकारनं माणसं लावून मारायला घेतली, पुढे हेलिकॉप्टरमधून मारली, आणि १९६९ साली फार्मिंगला परवानगी मिळाल्यावर त्याच हेलिकॉप्टरमधून उडी टाकून किंवा जाळं मारून जिवंत धरली. म्हणजे साधी हरणी इथं ढिगानं मिळते, म्हणून ती दुसरीचं पिल्लू पोसायला परवडते. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, असे कळप नाहीत आणि नसावेतच.

हंगुल तर सगळे मिळून तीनशेच्या आसपास, बहुतेक श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात. त्यातली मादी पकडून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन कोण देणार? आणि पोसायला हरणी कुठून आणणार? इथून रेड डिअर नेऊ म्हणाल तर आधी इथल्याच फिऑर्डलँड भागाची गोष्ट ऐका. १९०५ साली अमेरिकेहून वापिटी, म्हणजे तिथली मोठी हरणं, आणून तिथं सोडले, त्यातले काही प्रेसिडेंट रूझवेल्टनी दिलेले. रेड डिअरबरोबर संकर होऊन आज त्यांच्यात शुद्ध वापिटी शोधावा लागतो. काश्मीरमध्ये एक नर सुटला की तेच.

हैदराबादच्या लॅकोन्स या दुर्मीळ प्राण्यांवर काम करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेनं २००६ साली कृत्रिम रेतनातून चितळाचं पाडस जन्माला घातलं, स्पॉटी नाव ठेवलं, मला त्याचं कौतुकच आहे. पण ते चितळ होतं आणि पिंजऱ्यातलं होतं. हंगुलचं वीर्य, पेशी नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा, जरूर ठेवा, त्याला विरोध नाही. पण ज्या दाचीगाममध्ये सरकारचाच मेंढी फार्म वर्षानुवर्षं होता, वर उन्हाळ्यात कुरणांवर गुरामेंढ्यांचे कळप चढतात, आणि जन्मलेली पाडसंच मोठी होत नाहीत, तिथं आणखी पाडसं जन्माला घालून ती चरणार कुठं, हे लेखकांनी सांगावं.

आणि हो, लेखाशेजारी हंगुल म्हणून जो फोटो छापलाय तो चितळाचा आहे. अंगभर पांढरे ठिपके आहेत त्याच्या, मोठ्या हंगुलला नसतात.

आपला,
एक वाचक
(साउथलँड, न्यूझीलंड)